दोनशे तीनचा पाऊण तास

मुरगूड,
३ फेब्रुवारी २०२५

ती. तात्यांस,
संग्रामचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही. संयोगिताताईनं उचलला तर ती म्हणते, "तात्या देवळात गेलेत." सकाळी सातला देवळात, दुपारी दोनला देवळात, संध्याकाळी सहाला देवळात. कोल्हापूरला लेकीकडं राहायला गेल्यापासून तुमची भक्ती फारच वाढलेली दिसते. संस्थेच्या सभेत चारशे माणसांसमोर तुम्ही म्हणाला होता, "ह्या पोराशी मी पुन्हा तोंडानं बोलणार नाही." ठीक आहे. कागदावर बोलू.

पाणीपुरवठा संस्थेचा जुना कॉम्प्युटर १८ जानेवारीला कायमचा बसला. आतली डिस्क वाचली, त्यामुळं कुणाच्या रानाला किती तास पाणी ते काढणारा तुमचा पाळीपत्रकाचा प्रोग्रॅमही वाचला. नवा कॉम्प्युटर आणला, दुकानदारानं त्यावर प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली. तुमचं ते हिरवं पान उघडतं, वर "पाणी जपून वापरा" येतं, सगळं झकास. पण "पाळी काढा" हे बटण दाबलं की इंग्रजीत एक ओळ येते आणि अख्खा प्रोग्रॅम बंद होतो. मी दाबलं, दुकानदारानं दाबलं, चेअरमननी चष्मा लावून दाबलं. तिघांच्याही तोंडावर दार आपटलं.

दुकानदार म्हणाला, "बनवणाऱ्यानं कुलूप घातलेलं असणार. आपल्यामागं दुसऱ्या कुणाला चालवता येऊ नये म्हणून." मलाही तसंच वाटतं. तुम्ही निवडणूक हरलात, सेक्रेटरीपद गेलं, ते तुमच्या पुतण्याकडं आलं, ह्याचा राग मी समजू शकतो. पण ४१२ सभासदांच्या पाण्यावर तो काढायचा?

उन्हाळी पाळी १ मार्चला सुरू होते. त्याआधी कुलूप कसं उघडायचं ते कळवा. नाहीतर विषय बोर्डापुढं ठेवावा लागेल.

आपला,
संग्राम


कोल्हापूर,
७ फेब्रुवारी २०२५

चि. संग्राम यास,
आशीर्वाद. (हा शब्द सवयीनं आला. खोडत नाही, कागद घाण होतो.)

बोर्डापुढं ठेव. ग्रामपंचायतीपुढं ठेव. बाजारात दवंडी दे. मी कुलूप घातलेलं नाही. घालायचंच असतं तर तुझ्या पॅनेलची माणसं गुलाल उधळत किल्ल्या मागायला आली त्या दिवशी ऑफिसच्या दाराला घातलं असतं.

हा प्रोग्रॅम म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे का? २००३ साल. मी चव्वेचाळीस वर्षांचा. इंग्रजीचं जाडजूड पुस्तक, शेजारी डिक्शनरी, आणि समोर गावातला पहिला कॉम्प्युटर. आठ महिने लागले. त्याआधी पाळीपत्रक हातानं निघायचं आणि दर उन्हाळ्यात पाणी सोडायच्या नऊ नंबरच्या चेंबरवर फावडी निघायची. दोघांची डोकी फुटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. प्रोग्रॅम आल्यापासून वीस वर्षांत एक फावडं वर उठलं नाही. कारण मशीन कुणाचं काका-मामा नसतं, हे लोकांना पटलं होतं.

तुला ते पटलं नाही. तू हंबीरराव मेंडकेला हाताशी धरलंस. आठवतं ना निवडणुकीआधीच्या सभेत काय झालं? हंबीरराव उभा राहिला आणि म्हणाला, "तात्या, माझी पाळी पाऊण तासानं कमी भरती." मी विचारलं, कशावरनं? तर म्हणाला, "उन्हावरनं. सावली पाटाच्या तिसऱ्या दगडावर आली की पाणी बंद हुतंय. सा तासाला पाचव्यावर याया पायजे." मी म्हणालो, "हंबीरराव, आधी घड्याळ घ्या, मग सेक्रेटरीला शिकवा." सगळी सभा हसली. तूही हसलास, मी बघितलं होतं. आणि महिन्याभरात त्याच हंबीररावला पॅनेलमध्ये घेऊन तू गावभर सांगत फिरलास की तात्याच्या कॉम्प्युटरमध्ये गडबड आहे. तुझा बाप गेल्यावर तुला शाळेत सोडायला सायकल कुणी चालवली, हे मात्र कुठल्या सभेत सांगितलं नाहीस.

असो. नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर चौकट येते आणि चुकलेली ओळ पिवळी होते. तो न सांगता बंद पडत नाही. तू एकतर खोटं बोलतोयस, नाहीतर त्या दुकानदारानं भलतंच काहीतरी घातलंय. नक्की काय घातलंय त्याचं नाव कळव. सभासदांची नावं मराठीत दिसतात का? तारीख निवडायचं छोटं कॅलेंडर दिसतं का? तेवढंच लिही. बाकीची अक्कल नको.

धोंडीराम चौगले


मुरगूड,
१० फेब्रुवारी २०२५

ती. तात्या,

विचारलंत म्हणून सांगतो. दुकानदारानं घातलंय त्याला "रनटाइम" म्हणतात. नवी आवृत्ती आहे आणि फुकट मिळते. नावं मराठीत दिसत नाहीत. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी इंग्रजी अक्षरं दिसतात. कॅलेंडरच्या जागी पांढरा चौकोन आहे. पिवळी ओळ येत नाही, चौकट येत नाही, सरळ बंद होतं. मी खोटं बोलत नाही. ती सवय मला कुणी सायकलवर बसवून लावली नाही.

आणि सायकलीचं काढलंत म्हणून विचारतो. बाबा गेले तेव्हा तुम्ही आणि बाबा पाच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हता. बांधावरून भांडण, वाटणीवरून भांडण. आई आजही तुमच्या घरचं पाणी पीत नाही. मला सायकलवर नेलंत ते खरं. पण आईचं शेवटच्या टोकाचं रान, ११७ नंबरचं, तिथं पाणी पोचतं का हे बघायला तुम्ही एकदा तरी आलात का? गावाचं पाणी मोजणारा माणूस भावजयीच्या बांधावर कधी दिसला नाही.

तुमच्या प्रोग्रॅमवाचून गाव थांबणार नाही. फेब्रुवारीची पाळी मी हातानं काढली. रजिस्टर घेतलं, एकराला दोन तास, वर ठरावाप्रमाणं पाट भरून पाणी रानात पोचायचा वेळ. चार दिवस बसलो. गुंडू पाटकऱ्यानं चेंबर फिरून कागद वाटले. फावडं निघालं नाही. पण दर पाळीला चार दिवस घालवता येत नाहीत, म्हणून विचारतोय. सांगायचं तर सांगा.

संग्राम


कोल्हापूर,
१५ फेब्रुवारी २०२५

संग्राम,

शाहूपुरीत निशिगंधा म्हणून एक बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. तुझं पत्र घेऊन त्यांच्याकडं गेलो. सहासष्टाव्या वर्षी विद्यार्थ्यांच्या बाकावर बसवलंस, त्याबद्दल आभार.

त्या म्हणाल्या, "काका, रनटाइम म्हणजे नुसती चालवायला दिलेली गाडी. फिरवा हवी तेवढी, पण बॉनेट उघडायचं नाही. पूर्ण आवृत्ती असली की चूक कुठं झाली ते दाखवते. रनटाइम काही न सांगता दुकान बंद करून घरी जातं." म्हणजे तू खोटं बोलत नव्हतास. तेवढं मागं घेतो. बाकीचं घेत नाही.

मूळ दुखणं कॅलेंडरचं आहे. तारीख निवडायला मी जे कॅलेंडर बसवलं होतं ते नव्या आवृत्त्यांतून काढूनच टाकलंय. प्रोग्रॅम ते शोधतो, सापडत नाही, आणि मग त्याला आजची तारीखसुद्धा सांगता येत नाही. नावांचं सोपं आहे. तो जुना मराठी फॉन्ट नव्या कॉम्प्युटरवर नाही, एवढंच. जुन्या डिस्कवरून उचलून टाक, नावं दिसतील.

कॅलेंडर मात्र पूर्ण आवृत्तीतूनच काढावं लागेल. निशिगंधाबाईंकडं ती आहे. गुंडू दर सोमवारी त्याच्या आईच्या डोळ्यांसाठी कोल्हापूरला येतो. फाइल पेनड्राइव्हवर घालून त्याच्याकडं दे. मी समोर बसून काढतो आणि त्याच दिवशी परत पाठवतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

एक सांगून ठेवतो. तू किंवा आणखी कुणी शहाण्यानं फाइलच्या आत हात घालू नका. वीस वर्षांची वीण आहे, एक धागा ओढला तर सगळं उसवेल. पुन्हा सांगतो, आत हात घालू नका.

धोंडीराम


मुरगूड,
१८ फेब्रुवारी २०२५

तात्या,

फॉन्ट टाकला, नावं दिसायला लागली. त्याबद्दल आभार.

पण फाइल पाठवत नाही. कारण सांगतो.

काल हंबीरराव ऑफिसात आले. आता पुन्हा काय भांडण म्हणून मी उठूनच उभा राहिलो. तर माणूस दारातच थांबला. म्हणाला, "संग्राम, बांधाकडच्या चार सऱ्या भिजल्या रं. अकरा वरसात पयल्यांदा. मला वाटलं हुतं त्या रानातच काय तरी खोट हाय." आणि माझा हात धरून उभा राहिला.

घरी गेलो तर आई चुलीपुढं बसलेली. म्हणाली, "आपल्या कडंच्या सऱ्या कोरड्या ऱ्हायल्या. कवा असं झालं न्हाय." मी रजिस्टर काढून तीनदा हिशेब केला. हंबीररावचा गट २०३, तीन एकर, सहा तास; रान पाटाच्या तोंडाशी, म्हणून भरायला वेळ नाही. आईचा ११७, दोन एकर, चार तास आणि पाट भरायला अर्धा तास. माझा गुणाकार चुकलेला नाही.

मग तुमच्या जुन्या पाळीपत्रकांचा गठ्ठा काढला. तुमच्या कागदावर हंबीरराव सव्वापाच तास आणि आई सव्वापाच तास. त्याचे पाऊण तासानं कमी, हिचे पाऊण तासानं जास्त. सगळ्यांचे पाट भरायचे वेळ वेगवेगळे, म्हणून आजवर कुणी ताळा घातला नाही. तुमच्या कागदावर ताळा घालायचा असतो हेच गावाला ठाऊक नव्हतं.

तुमचं मशीन कुणाचं काका-मामा नव्हतं ना? मग हे काय आहे? आणि आत हात घालू नका, हे दोनदा का लिहिलंत?

शिरोली एमआयडीसीत माझ्या मित्राच्या, विश्वजितच्या फाउंड्रीच्या ऑफिसात पूर्ण आवृत्ती आहे. रविवारी फाइल घेऊन तिकडं जातोय.

संग्राम


कोल्हापूर,
२१ फेब्रुवारी २०२५

संग्राम,

हे पत्र दुधाच्या गाडीबरोबर पाठवतोय, म्हणजे आजच्या आज मिळेल.

रविवारी जाऊ नकोस. आधी मला फोन कर. मी उचलतो. सभेत काय बोललो ते राहू दे. रागाच्या भरात माणूस बोलतो. तू फोन कर, मी तोंडानं सांगतो. फाइल उघडू नकोस.

तुझा,
तात्या


मुरगूड,
२४ फेब्रुवारी २०२५

तात्या,

शनिवारी तुमचा फोन सात वेळा आला. मी उचलला नाही. मी देवळात होतो.

रविवारी शिरोलीला फाइल उघडली. विश्वजित म्हणाला, उघडताना शिफ्ट दाबून धर. दाबून धरलं, तुमचं हिरवं पान आलंच नाही, थेट आतलं सगळं समोर आलं. आतल्या यादीत त्या हरवलेल्या कॅलेंडरपुढची खूण काढली आणि बटण दाबलं. पाळी निघाली. तुम्ही अर्धा तास म्हणाला होता, दहा मिनिटं लागली. तेवढ्यावर उठून आलो असतो तर बरं झालं असतं.

पाळी ठरवणारी शेवटची ओळ वाचली. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, सरळ कळलं. गट ११७ असेल तर पंचेचाळीस मिनिटं वाढव. गट २०३ असेल तर पंचेचाळीस मिनिटं कमी कर. बाकी सगळ्यांना जे आहे ते.

विश्वजित शेजारी बसला होता. त्याला कळू नये म्हणून मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली. माझी लाज मीच झाकली, तात्या! मी सेक्रेटरी झालो तो हंबीररावच्या तक्रारीवर. घरोघरी जाऊन सांगितलं की त्याचं पाणी चोरलं जातंय. खरं तर माझा त्याच्यावर विश्वास नव्हता, मतं पाहिजे होती. आणि ते पाणी चोरलं जात होतंच. माझ्याच रानात येत होतं. माझी फी त्या उसानं भरली. मी तोंड वर करून ज्या चोरीवर भाषणं ठोकली, तिचाच ऊस खाऊन मोठा झालो.

तुम्ही त्याला म्हणालात, घड्याळ घ्या. तुम्हाला माहीत होतं तो खरं बोलतोय. चारशे माणसांपुढं त्याला येडा ठरवलंत आणि वर तोंड करून हसलात. मला तुमचा इतका राग आलाय की हे लिहिताना दोनदा कागद फाटला.

का केलंत? भांडलेल्या भावाच्या बायकोसाठी एवढा कळवळा होता, तर स्वतःच्या वाटणीचं पाणी द्यायचं होतं. दुसऱ्याच्या खिशात हात घालून दानधर्म कसला करता?

ओळ मी काढून टाकली आहे. आता तुम्ही लिहा. लपवू नका.

संग्राम


कोल्हापूर,
२७ फेब्रुवारी २०२५

चि. संग्राम यास,

स्वतःच्या वाटणीचंच दिलं होतं. ते सांगतो, मग हवं तेवढं ओरड.

तुझा बाप २००४ च्या पावसाळ्यानंतर गेला. माझं त्याच्याशी भांडण होतं, ते न मिटताच गेला. तुझ्या आईचं रान पाटाच्या शेपटाला. ठरावात पाट भरायला अर्धा तास मंजूर, प्रत्यक्षात पाणी पोचायला सव्वा तास लागायचा. बोर्डात मी दोनदा म्हणालो, शेपटाचा वेळ वाढवा. चेअरमन म्हणाले, एकाला दिलं तर वीसजण मागतील. तुझ्या आईला माझी पाळी घे म्हणालो असतो तर तिनं ती पाटातच ओतली असती. जी बाई माझ्या घरचा तांब्या हातात धरत नव्हती, ती माझं पाणी रानात घेईल का?

म्हणून ती ओळ लिहिली. २०३ गट तेव्हा माझा होता. माझ्या पाळीतला पाऊण तास तिला जायचा आणि तिला वाटायचं, कॉम्प्युटरनं दिलं. तू म्हणतोस मी तिच्या बांधावर आलो नाही. नाही आलो. माझं पाणी यायचं.

मग २०१४ ला २०३ मी हंबीररावला विकला. मला मुलगा नाही, लेक कोल्हापूरला, करणार कोण? सातबारा बदलला, रजिस्टर बदललं. ओळ तशीच राहिली. ती नावाला बांधलेली नव्हती, गटाला बांधलेली होती.

विसरलो होतो असं लिहून इथं थांबायचं मनात होतं. दोनदा तसं लिहून फाडलं. पहिल्या वर्षी खरंच विसरलो. दुसऱ्या वर्षी हंबीरराव ऑफिसात आला आणि म्हणाला, "तात्या, पाणी कमी भरतंय का बगा की." त्याच क्षणी आठवलं. उठून ओळ काढायची होती. पण काढली असती तर एक वर्ष चुकलं हे कबूल करावं लागलं असतं. ज्या मशीननं फावडी थांबवली त्यावरचा विश्वास उडाला असता. तू तेव्हा इंजिनिअरिंगला होतास. ही सगळी कारणं मी स्वतःला दिली. खरं कारण एकच होतं. मला चूक म्हणायची नव्हती. म्हणून त्याला म्हणालो, तुझं रान पाटाच्या तोंडाशी आहे, तुला कमीच लागतं. मग दरवर्षी तो विचारत गेला आणि दरवर्षी माझा आवाज वाढत गेला. शेवटी सभेत घड्याळाचं बोललो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता एक मागतो. ओळ तू काढलीस, चांगलं केलंस. सभेत सांग की जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर घेताना जुनी चूक सापडली आणि दुरुस्त झाली. कॉम्प्युटरची चूक म्हण. लोक मान डोलावतील. तुझंही नाव राहील, माझंही. हंबीररावला पाणी मिळालं की झालं. माझी किती वर्षं राहिली आहेत आता?

तुझा,
तात्या


मुरगूड,
३ मार्च २०२५

ती. तात्यांस,

नाही.

कॉम्प्युटरनं तुम्ही सांगितलं तेच केलं, वीस वर्षं, एक मिनिट इकडं तिकडं न करता. त्याच्यावर ढकलायचं नाही. नवी आवृत्ती आली, कॅलेंडर हरवलं, ह्याचा पाऊण तासाशी काही संबंध नाही. रनटाइम बंद पडलं म्हणून आपण बॉनेट उघडलं, एवढाच त्याचा दोष. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला होता, कुलुपाचा. तो मी सभेत सगळ्यांपुढं मागं घेणार आहे. तुम्ही तुमचं घ्या.

तुमची सगळी पत्रं मी आईला वाचून दाखवली. मनात नव्हतं, पण लपवायचा कंटाळा आला. तिनं सगळं ऐकलं. सायकलीपाशी रडेल वाटलं, रडली नाही. पाण्यापाशी संतापली. "मला इचारलं का त्येनी? इचारलं न्हाय आन् धाकट्या दिराची बाईल म्हनून भीक घातली व्हय?" मी म्हणालो, आई, तू धाकट्या भावाची बायको, दिराची नव्हे. तर मला म्हणाली, "गप. रागात नातं सुचत न्हाय मला."

परवा १ तारखेला उन्हाळी पाळी सुरू झाली. आईची पहिली पाळी होती. ती स्वतः चेंबरवर गेली आणि गुंडूला म्हणाली, "आमचं दार लाव. आजचं समदं पाणी मेंडक्यांच्या रानात सोड." गुंडू माझ्याकडं धावत आला. मी म्हणालो, ती सांगते तसं कर. हंबीररावनं कारण विचारलं, तर म्हणाली, "म्होरल्या रविवारी सभंत कळंल."

रविवारी ९ तारखेला सकाळी अकराला विशेष सभा बोलावली आहे. विषय एकच, गट २०३ ची पाळी. नोटीस सोबत जोडली आहे. तुम्ही आला नाहीत तर तुमचं पत्र मी वाचून दाखवीन, फाडलेल्या कागदांच्या उल्लेखासकट. आलात तर वाचणार नाही. माझा राग गेलेला नाही आणि इतक्यात जाणारही नाही. पण ते तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं, असं मला अजून वाटतं.

आईचा निरोप आहे, तसाच लिहितो: "त्यांना सांग, मला मापानं पाणी पायजे. आन् माप खरं लावा."

संग्राम


कोल्हापूर,
१२ मार्च २०२५

चि. संग्राम यास,
आशीर्वाद. ह्या वेळी सवयीनं नव्हे.

सभेत काय झालं ते तू पाहिलंस. मी उभा राहिलो, माईक हातात घेतला, आणि दीड मिनिटात सगळं सांगून झालं. दहा वर्षं जे अंगावर वागवलं ते दीड मिनिटाचं निघालं. मला वाटलं होतं लोक दगड मारतील. लोक सरळ ठरावाकडं वळले. त्यापेक्षा शिव्या बऱ्या. तुझ्या आईनं शिव्या दिल्या तेवढं बरं वाटलं. शेपटाचा वेळ प्रत्यक्ष मोजून ठरवायचा, हा ठराव झाला तोही चांगला झाला. तो वीस वर्षांपूर्वी मी भांडून करून घ्यायला हवा होता. भांडायचं सोडून मी गुपचूप ओळ लिहीत बसलो.

हंबीरराव सभेत एक शब्द बोलला नाही, हे तुलाही खटकलं असेल. त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र. आता तुझ्याशी तोंडानं बोलतो, पण हे तोंडानं सांगायला जमलं नसतं.

मी एस.टी. स्टँडवर बसलो होतो. हंबीरराव चालत आला आणि बाकावर शेजारी बसला. मी म्हणालो, "हंबीरराव, माझं चुकलं." तो म्हणाला, "ते मगाशी म्हनलासा की माईकवर." मी म्हणालो, "शिव्या द्या, काहीतरी बोला." तर म्हणाला, "काय बोलायचं, तात्या? अकरा वरसं माझ्या बायकूला म्हनलो, तुझीच खुरपणी नीट न्हाई, म्हनून कडंच्या सऱ्या वाळत्यात. तिला लई बोललो. ती आता न्हाई ऐकायला." शालूबाई गेल्याचं मला लेकीकडून कळलं होतं, दोन वर्षं झाली असतील. मी भेटायलाही गेलो नव्हतो.

कोल्हापूरची गाडी लागली. मी उठलो तसा तोही उठला. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. साधंच आहे, काळ्या पट्ट्याचं. म्हणाला, "तुमी सभंत म्हनला हुता त्याच्या दुसऱ्या दिवशी घेतलं. दर पाळीला बघत बसायचो. मला वाटायचं, ह्येच चुकतंय. ठेवा तुमाला. मला उन्हावरनं कळतंय." आणि गेला. मी हाक मारली, त्यानं मागं बघितलं नाही.

चिडचिड होते, संग्राम. आधी तुझ्यावर होती, मग दुकानदारावर, मग त्या रनटाइमवर. आता दुसरं कुणी उरलं नाही.

तीन दिवस झाले. सकाळ-संध्याकाळ रेडिओवर बातम्या लागल्या की मी घड्याळ समोर ठेवतो. ठोका पडतो आणि काटा तिथंच असतो, एक मिनिट पुढं नाही की मागं नाही. घड्याळ बरोबर आहे.

तुझा,
तात्या